ओसंडणारे मलजल, औषधांना न जुमानणारे जंतू आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. प्रत्येकाची प्रकृती, आहार, बल, सात्म्य आणि वय भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने संपूर्ण जनपद का उद्ध्वस्त होते, हा अग्निवेशाचा प्रश्न आणि वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असल्यामुळे, हे भगवान पुनर्वसू आत्रेयांचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. हा संवाद गंगेच्या काठी, ग्रीष्म सरत असताना झाला, एवढा तपशील मात्र परीक्षेत विचारला जात नसल्याने आपण विसरतो. पावसाळ्याच्या तोंडावर, नदीच्या तीरावर उभे राहून आचार्य शिष्याला येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना देत होते. गोदावरीच्या काठी व्यवसाय करणाऱ्या वैद्याला याहून अधिक समर्पक प्रसंग कोणता असणार?

प्रस्तुत लेखाचा विषय पाण्याचा आहे. परंतु नेहमीच्या गढूळ पाण्याचा, काविळीचा किंवा पटकीचा नाही. गटारांतून, नाल्यांतून आणि मलशुद्धीकरण केंद्रांच्या वाटेवर मध्येच ओसंडून जे मलजल नदीत जाते, त्यातून प्रतिजैविक औषधांना न जुमानणारे जंतू समाजात परततात. हे ओसंडणारे पाणी नदीत जाण्यापूर्वी निर्जंतुक करावे काय, केल्यास कसे, आणि त्याने साध्य काय होईल, याविषयी आपल्या वर्तुळात चर्चा क्वचितच होते. ‘तो अॅलोपॅथीचा आणि नगरपालिकेचा प्रश्न आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. असे मोकळे होता येणार नाही, हे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

नांदेडची भौगोलिक स्थिती

नांदेड शहराच्या वरच्या अंगास विष्णुपुरीचा जलाशय आहे. शहराला पिण्याचे पाणी प्रामुख्याने तेथून मिळते. त्याखाली नदी शहरात शिरते, नगीनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाट यांच्याजवळून पुढे जाते आणि वाटेत शहरातील नाले तिला मिळतात. शहराच्या खाली आमदुरा, बळेगाव आणि बाभळी असे बंधारे एकापुढे एक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. उर्वरित आठ महिने पाणी अडविले जाते. याचा वैद्यकीय अर्थ लक्षात घ्यावयास हवा. वाहत्या नदीची कल्पना मनात ठेवून ‘नदी स्वतःला शुद्ध करते’ असे आपण म्हणतो. परंतु आज वर्षाचा मोठा काळ गोदावरी ही नदी नसून साखळीने जोडलेली तळी आहेत. शहरातून गेलेले मलजल पुढील तळ्यात साठते आणि ते पाणी शेतीस, गुरांस आणि कित्येक गावांच्या काठच्या विहिरींस पोहोचते. पुढे तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्ती येथे लातूरकडून येणारी मांजराही गोदावरीस मिळते. म्हणजे मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांचे पाणी शेवटी एकच होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. गोदावरीचा नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा पट्टा त्यात सर्वांत गंभीर वर्गात मोडत होता. याच मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर. उरलेले पाणी कोठे जाते, हे नाल्याच्या काठी राहणाऱ्यास विचारावे.

२००८ साली गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडमध्ये मोठा निधी आला. रस्ते, पूल, घाट झाले, मलनिस्सारणाची कामेही झाली. मलशुद्धीकरण केंद्र उभारणे म्हणजे मलजल शुद्ध होणे नव्हे. घराघरांतील सांडपाणी भुयारी वाहिनीत आले पाहिजे, वाहिनी तुंबता कामा नये, पंपगृहातील वीज जाता कामा नये, आणि केंद्राने रात्रंदिवस चालले पाहिजे. या साखळीचा एक दुवा निखळला की पाणी आपला जुना मार्ग धरते, म्हणजे नाल्यातून नदीत जाते. आपल्याकडील ‘ओसंडणे’ हे बहुतांशी असे आहे. युरोपातील शहरांत पाऊस जोराचा झाला की गटारे ओसंडतात. आपल्याकडे पाऊस नसतानाही ओसंडतात. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

जंतू हट्टी का होतात

प्रतिजैविक औषध पोटात गेले म्हणजे ते सर्वच्या सर्व शरीरात खर्ची पडत नाही. अनेक औषधांचा मोठा अंश मूत्र व पुरीष यांवाटे कार्यक्षम स्थितीतच बाहेर पडतो. त्याबरोबर आतड्यातील असंख्य जंतू बाहेर पडतात आणि त्यांत त्या औषधाला तोंड देऊन उरलेले जंतूही असतात. गटारात हे सर्व एकत्र येते: घराघरांतील मल, रुग्णालयांतील सांडपाणी, खाटीकखान्यांचे व गोठ्यांचे पाणी, आणि त्या सर्वांत औषधांचा सौम्य परंतु अखंड अंश. सौम्य मात्रा जंतूंना मारीत नाही, शिकविते.

हे शिक्षण एकट्यापुरते राहत नाही. प्रतिरोधाची कृती ज्या जनुकांत लिहिलेली असते, ती अनेकदा ‘प्लाझ्मिड’ नावाच्या लहान वर्तुळाकार तुकड्यावर असते आणि एक जंतू तो तुकडा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. वैद्यघराण्यातील गुप्त योग पित्याकडून पुत्राकडे जावा तसे हे नाही. तो योग रस्त्यावर भेटलेल्या प्रत्येकाला लिहून द्यावा, तसे हे आहे. निरुपद्रवी जंतूपासून उपद्रवी जंतूपर्यंत ही कृती अशीच पोहोचते.

याचे प्रत्यक्ष पुरावे आपल्या जवळचेच आहेत. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. रुग्णाच्या रक्तात औषधाची जी पातळी अपेक्षित असते, तीहून ही पातळी अधिक होती. २०११ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात दिल्लीतील पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. हे जनुक कार्बापेनेम गटातील औषधांनाही, म्हणजे रुग्णालयातील जवळजवळ शेवटच्या अस्त्रालाही, निष्प्रभ करते. ऋषिकेश व हरिद्वार येथे गंगेच्या पाण्याची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. यात्रेच्या हंगामात या जनुकाचे प्रमाण इतर काळापेक्षा कित्येक पटींनी वाढते, असे तीत दिसले. ज्या शहरात देशभरातून भाविक येतात, त्या नांदेडला, आणि २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत असलेल्या नाशिकला, ही माहिती दुर्लक्षिता येणार नाही.

आचार्यांनी दूषित जलाची लक्षणे सांगितली आहेत: गंध, वर्ण, रस, स्पर्श यांची विकृती, क्लेदाचे आधिक्य, जलचर पक्ष्यांनी सोडून गेलेले, मत्स्यादी क्षीण झालेले. आजही या लक्षणांनी पाण्याची प्रथम परीक्षा करावी, कारण ती बहुधा खरी ठरते. परंतु प्रतिरोधी जंतूंच्या बाबतीत ही परीक्षा पुरेशी नाही. दिल्लीतील नळाचे ते दोन नमुने डोळ्यांना इतर नमुन्यांसारखेच दिसले असतील. इंद्रियगम्य लक्षणांच्या पलीकडे असलेल्या दोषासाठी युक्तिप्रमाणाचा आश्रय घ्यावा लागतो. आजच्या भाषेत प्रयोगशाळेचा.

जागतिक पातळीवर या संकटाचे मोजमाप २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जंतूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. सूतिकागृहातील नवजात बालक, मधुमेही रुग्णाचा व्रण, शस्त्रकर्मानंतरचा ज्वर ही या आकड्यांमागील माणसे आहेत.

ओसंडणारे पाणी निर्जंतुक करता येईल काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निर्जंतुकीकरणाची कल्पना आपल्या ग्रामीण भागास नवी नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर असते, ती विहिरीत वा टाकीत टाकणारा जलसुरक्षक असतो, ओटी परीक्षा असते आणि आरोग्य विभागाचे हिरवे, पिवळे व लाल कार्ड असते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकून पटकीसारखे रोग रोखता येतात, यात शंका नाही. मग तीच पावडर नाल्यात टाकली तर?

येथेच विवेक हवा. पिण्याचे पाणी आणि मलजल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मलजलात अमोनिया मोठ्या प्रमाणात असतो. क्लोरीन प्रथम त्याच्याशी संयोग पावतो आणि त्यापासून क्लोरामाइन हे तुलनेने दुर्बल द्रव्य बनते. सेंद्रिय घाण उरलेला क्लोरीन खाऊन टाकते. मलाच्या गोळ्यांच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचतच नाही. उलट, अशा संयोगातून काही घातक उपद्रव्ये निर्माण होतात आणि उरलेला क्लोरीन नदीतील मासे मारतो. ज्या भोई बांधवांचे पोट मासेमारीवर आहे, त्यांचा घास जातो. वाहत्या नाल्यावर पोती रिकामी करणे हा उपाय नसून उपायाचा देखावा आहे.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. जंतू मेला म्हणजे त्याची प्रतिरोधाची कृती नष्ट झालीच असे नाही. १९२८ साली ग्रिफिथ या इंग्लिश संशोधकाने मारलेले घातक जंतू आणि जिवंत निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या शरीरात जिवंत घातक जंतू सापडले. मेलेल्यांची विद्या जिवंतांनी घेतली होती. ती विद्या जनुकांत असते, हे पुढे १९४४ साली सिद्ध झाले. मलजलाच्या बाबतीतही असेच आहे. क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी जंतू मारण्यास जेवढी मात्रा लागते, त्याहून बरीच अधिक मात्रा जनुक मोडण्यास लागते. म्हणून ‘निर्जंतुक केले, प्रश्न संपला’ असे म्हणता येत नाही.

मग हा मार्ग सोडून द्यावा काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. अन्यत्र या दिशेने गंभीर प्रयत्न झालेले आहेत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन परिसरात पावसात ओसंडणाऱ्या गटारांच्या पाण्यावर परअॅसेटिक आणि परफॉर्मिक आम्लांचे प्रयोग झाले. ही आम्ले जंतू वेगाने मारतात आणि नंतर विघटित होतात. परअॅसेटिक आम्लापासून शेवटी शिरक्यातील आम्ल, प्राणवायू व पाणी उरते. पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑलिंपिकसाठी सीन नदीत पोहणे शक्य व्हावे म्हणून वालांताँ येथील मलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यास परफॉर्मिक आम्ल दिले गेले. परंतु तेथेही सर्वांत मोठा खर्च आम्लावर झाला नाही. पावसाचे पाणी साठविण्यासाठी भूगर्भात प्रचंड हौद बांधण्यात आला, जेणेकरून गटारे ओसंडूच नयेत. हा धडा महत्त्वाचा आहे: ज्यांच्याजवळ पैसा व तंत्र दोन्ही आहे, त्यांनीही प्रथम ओसंडणे कमी केले, मग उरलेल्यावर औषध वापरले.

आयुर्वेदाच्या भाषेत हे सहज सांगता येते. निदानपरिवर्जन प्रथम, शमन नंतर. निदान चालू ठेवून शमन करीत राहणारा वैद्य रुग्णाला बरा करीत नाही, केवळ परत येण्यास लावतो. ओसंडणाऱ्या मलजलाचे निर्जंतुकीकरण हे शमन आहे. ते काही प्रसंगी अत्यावश्यक आहे, परंतु त्याला निदानपरिवर्जनाची जागा देता येणार नाही.

क्रम कसा असावा

यावरून नांदेड-लातूरसारख्या शहरांसाठी क्रम पुढीलप्रमाणे असावा, असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे कोरड्या ऋतूतील ओसंडणे पूर्णपणे बंद करणे. पंपगृहांना स्वतंत्र वीजवाहिनी व चालू स्थितीतील जनित्र, नाल्यांची ज्येष्ठापूर्वी सफाई, आणि भुयारी वाहिनीस न जोडलेल्या वस्त्यांची जोडणी ही कामे रुक्ष वाटतात, पण सर्वाधिक जंतू तीच अडवितात. साध्या जैविक प्रक्रियेनेही मलजलातील जंतूंचा फार मोठा भाग गाळाबरोबर बाजूला होतो. अर्थात त्या गाळाची विल्हेवाट नीट लावली नाही, तर तोच गाळ खत म्हणून शेतात जाऊन प्रश्न परत आणतो.

दुसरी, प्रक्रियेच्या शेवटी निर्जंतुकीकरण. स्वच्छ झालेल्या पाण्यावर क्लोरीन किंवा अतिनील किरण खरे काम करतात, कारण तेथे अमोनिया, गढूळपणा आणि गोळे कमी असतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने मलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मलजन्य कोलीफॉर्म जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा कमी ठेवली. स्नानयोग्य पाण्यासाठी हेच प्रमाण ५०० असावे व कमाल २५०० चालावे, असा केंद्रीय निकष आहे. हे आकडे केंद्राच्या दारात आणि घाटावर फलकावर दर आठवड्याला लिहिले जावेत. स्नानास आलेल्या भाविकाला पाण्याचे तापमान आणि पातळी सांगता येते, तर जंतूंची संख्या का सांगू नये?

तिसरी, रुग्णालयांचे सांडपाणी उगमापाशीच हाताळणे. शेवटच्या फळीची औषधे आणि त्यांना न जुमानणारे जंतू जेथे सर्वाधिक एकवटतात, ती जागा अतिदक्षता विभागाच्या मोरीत आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत द्रवरूप कचऱ्यावर प्रक्रिया अपेक्षित आहे. मोठ्या संस्थांना हे शक्य आहे; परंतु डॉक्टर्स लेनसारख्या, लहान रुग्णालये दाटीने असलेल्या भागात प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रणा उभारण्यापेक्षा सामाईक प्रक्रिया केंद्र उभारणे व्यवहार्य ठरेल. एका नाल्याच्या मुखाशी हजारो घरांचे पाणी शुद्ध करण्यापेक्षा पन्नास रुग्णालयांचे पाणी शुद्ध करणे स्वस्त आहे.

चौथी, आणि येथे मूळ विषय येतो, अपरिहार्य ओसंडण्यावर तातडीचे निर्जंतुकीकरण. पंपगृह बंद पडणे, वाहिनी फुटणे, पर्वकाळी घाटांवर गर्दी होणे, आणि महापूर, हे चार प्रसंग असे आहेत. अशा वेळी नाल्याच्या मुखाशी जाळी, त्यामागे गाळ बसण्यासाठी लहान कुंड, मोजून दिलेली मात्रा, किमान अर्धा तास संपर्क आणि शेवटी उरलेला क्लोरीन नाहीसा करण्याची व्यवस्था, एवढे असल्यास निर्जंतुकीकरणाला अर्थ आहे. हे सर्व पर्वाच्या आदल्या रात्री होत नाही. जागा आधी ठरवून, कुंड आधी बांधून ठेवावे लागते.

महापुराविषयी दोन शब्द अधिक. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आलेला पूर आणि सप्टेंबरमधील मराठवाड्यातील अतिवृष्टी ताजी आहे. पूर असताना नदीचे निर्जंतुकीकरण करण्याची कल्पना हास्यास्पद आहे. तेथे प्रयत्न घराकडे आणि विहिरीकडे वळवावा लागतो: पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचा उपसा, टीसीएल, ओटी परीक्षा, उकळून गार केलेले पाणी. जून २०२४ मध्ये नांदेड शहरालगतच्या नेरली गावात दूषित पाण्यामुळे अनेक लोकांना वांती-अतिसार होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले, हे विसरता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, योगायोगाने नांदेड हेच नाव असलेल्या गावाच्या आसपास, गियाँ-बारे आजाराचा उद्रेक झाला. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूशी आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला.

दुष्काळाची बाजूही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर आले. पाणी कमी असते तेव्हा नदीतील मलजलाचा वाटा वाढतो, आणि नळाला अनेक दिवसांआड पाणी सुटते तेव्हा रिकाम्या नळवाहिनीत शेजारच्या गटाराचे पाणी ओढले जाते. म्हणजे अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्ही टोकांना मराठवाड्यात मलजल पिण्याच्या पाण्याजवळ येते. कालविपर्यय आणि उदकविकृती परस्परांना वाढवितात, हे विमानस्थानातील विवेचन आपल्या अंगणात घडत आहे.

पाचवी गोष्ट, मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एक सोपी पद्धत सुचविली आहे. मनुष्य, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारच्या प्रतिरोधी ई. कोलाय जंतूची मोजणी करावयाची. त्यास अतिमहागडी यंत्रे लागत नाहीत. नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. विष्णुपुरीच्या वर, शहराच्या मध्यावर आणि आमदुऱ्याच्या खाली, वर्षातून दोन वेळा नमुने घेतले तरी पाच वर्षांत आपल्याजवळ आपल्या नदीचे चित्र तयार होईल. आज उसनी आकडेवारी घेऊन आपण बोलतो. ती दिल्लीची व गंगेची आहे, गोदावरीची नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की जंतू हा आपला सिद्धान्त नव्हे. क्षेत्र सशक्त असेल तर बीज रुजत नाही. हे अर्धसत्य आहे. व्याधिक्षमत्व महत्त्वाचे आहेच. परंतु ज्या आचार्यांनी ते सांगितले, त्यांनीच जनपदोद्ध्वंसात प्रकृती व बल भिन्न असूनही सर्वजण ग्रासले जातात, असे सांगितले. सुश्रुतांनी सूत्रस्थानात कलुषित जल निर्मळ करण्याचे उपाय दिले आणि कल्पस्थानात विषदूषित जलाशयांत विशिष्ट वृक्षांची भस्मे टाकण्याचा विधी दिला. जलशुद्धी हा आपल्या शास्त्राचा बाहेरून आणलेला विषय नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट आहे. ‘मग निवळी, तुरटी, निंब, धूपन यांनीच नदी शुद्ध करू या, रसायने कशाला?’ या उत्साहास आवर घालणे आवश्यक आहे. निवळीच्या बीजाने व तुरटीने गाळ खाली बसतो आणि त्याबरोबर बरेच जंतूही बसतात. पण ते मरत नाहीत, गाळात राहतात. ताम्रपात्रात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील काही अतिसारजनक जंतू नष्ट होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. घरच्या घागरीसाठी हे उपयुक्त आहे. परंतु घागरीचा उपाय नाल्याला लावणे म्हणजे मात्रेचा विचार सोडणे होय, आणि मात्राविचार सोडलेला वैद्य वैद्य राहत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. यावर उत्तर एवढेच की खर्च आजही होत आहे. फक्त तो महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. शेतमजुराच्या मुलाला साध्या गोळीने न बरा होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, शिरेवाटे महाग औषध द्यावे लागते, गाय विकली जाते. तो खर्च नाल्याचाच आहे.

आपल्या दवाखान्यातून सुरुवात

शासनाकडे बोट दाखविल्यावर उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. महाराष्ट्रात कायद्याने नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरास मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे वापरता येतात आणि ग्रामीण भागात आपल्यापैकी अनेकजण ती वापरतात. तो अधिकार योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. अधिकार आहे तेथे उत्तरदायित्व आहे, एवढेच म्हणणे आहे. आपण लिहिलेली प्रतिजैविकाची प्रत्येक गोळी काही तासांत गावाच्या गटारात पोहोचते. नाल्याच्या मुखाशी कितीही क्लोरीन टाकला, तरी वरून येणारा हा प्रवाह आपल्या लेखणीतून सुरू होतो.

बहुसंख्य पाण्यासारख्या तीव्र अतिसारांत प्रतिजैविकाची गरज नसते. जलसंजीवनी व बालकांस झिंक हे आधुनिक शास्त्राचेच सांगणे आहे. आमावस्थेत स्तंभन करू नये, लंघन-पाचन व पेयादी क्रम योजावा, हे आपले सांगणे त्यास पूरक आहे. साध्या प्रतिश्यायात व कासात तर प्रतिजैविक निरर्थक. येथे आपल्या शास्त्रास खरा वाव आहे. त्याच वेळी रक्तयुक्त अतिसार, तीव्र ज्वर, निर्जलीभवन, बालक व वृद्ध यांतील गंभीर लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालयात पाठविणे, हेही तितकेच कर्तव्य आहे. प्रतिरोधी संसर्ग आमच्या अमुक काढ्याने बरा होतो, अशी जाहिरात कोणी करू नये. पुरावा येईपर्यंत मौन हीच शास्त्रनिष्ठा.

२०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीनुसार तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आदी औषधांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने ठेवावयाची आहे. आपल्या गावातील विक्रेत्याशी याविषयी बोलणे, उरलेल्या गोळ्या मोरीत न टाकण्याविषयी रुग्णास सांगणे, या लहान गोष्टी आहेत. परंतु त्या आपल्या हातातील आहेत.

संघटना म्हणून दोन गोष्टी करता येतील. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या गावातील नाला कोठे आणि कधी ओसंडतो, याची नोंद वर्षभर ठेवावी. दिनांक, वेळ आणि कारण एवढे पुरेसे. आणि ही नोंद घेऊन ज्येष्ठ महिन्यापूर्वी नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना वा महानगरपालिकेच्या आयुक्तांना, तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास भेटावे. वैद्यांचे शिष्टमंडळ सहसा मान्यतेच्या आणि वेतनाच्या प्रश्नांवर जाते. एकदा ते पाण्याच्या प्रश्नावर गेले, तर अधिकाऱ्यांनाही ते वेगळे वाटेल.

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आचार्यांनी अधर्मात आणि त्याच्याही मागे प्रज्ञापराधात शोधले. देश, नगर व जनपद यांचे प्रमुख कर्तव्यच्युत झाले की त्यांच्या आश्रितांपर्यंत, पौर-जानपदांपर्यंत तो दोष पसरत जातो, असे ते सांगतात. ठाऊक असूनही न करणे, हे प्रज्ञापराधाचे सर्वांत परिचित रूप होय. नाला कोठे ओसंडतो, हे नांदेडच्या प्रत्येक नागरिकास ठाऊक आहे. त्या पाण्यात काय आहे, हे आता वैद्यांस ठाऊक आहे. येत्या वर्षाऋतूपूर्वी त्या ज्ञानाचे कर्मात रूपांतर व्हावे, ही विनंती. अलमिति विस्तरेण.